लष्करातली जुनी ‘लाल एन्ट्री’ फाईलमधून निघते का? कुणाकडे अर्ज करायचा, काय मागायचं आणि काय मिळू शकतं

अनगोळ, बेळगाव : अनगोळात सकाळी फिरायला बाहेर पडलं की चार पावलांवर एखादा माजी सैनिक भेटतोच. मराठा लाईट इन्फंट्रीचं सेंटर १९२२ पासून आपल्या बेळगावात आहे. त्यामुळे कॅम्प, अनगोळ, टिळकवाडीपासून निपाणी, चंदगड, गडहिंग्लजपर्यंत घरटी नाही तरी गल्लीला एक फौजी असतोच. असेच एक निवृत्त नायक गेल्या वर्षी मला चहाच्या गाडीवर थांबवून म्हणाले, ‘‘पत्रकार, एक विचारू काय? माझ्या फाईलमध्ये दोन रेड इंक एन्ट्री हायत, ते मला ठाऊक हाय. आता डीएससीत जायला गेलो तर तीन दाखवायलेत. ही तिसरी आली कुठनं? आणि ती काढता येतंय काय?’’

प्रश्न साधा वाटला. दोन वकील, एक निवृत्त हेड क्लार्क आणि कायद्याची पुस्तकं पालथी घातल्यावर कळलं की तो साधा नाही. या भागात तो विचारणारे ते एकटेही नाहीत. बहुतेक लोक लाजेखातर बोलत नाहीत, एवढंच. म्हणून हा लेख.

लाल आणि काळी शाई म्हणजे नेमकं काय

जवानाला शिक्षा झाली की ती त्याच्या कंडक्ट शीटवर आणि शीट रोलवर चढते. जड शिक्षा लाल शाईने आणि हलकी काळ्या शाईने, अशी जुनी पद्धत आहे. त्यावरूनच ‘रेड इंक एन्ट्री’ आणि ‘ब्लॅक इंक एन्ट्री’ हे शब्द पडले. आज निम्मं काम कॉम्प्युटरवर गेलं तरी नाव शाईचंच राहिलं.

यातल्या बहुतांश नोंदी कोर्ट मार्शलच्या नसतात. त्या आर्मी ॲक्ट, १९५० च्या कलम ८० खालच्या असतात. या कलमाने कमांडिंग ऑफिसरला, म्हणजे सीओ साहेबांना, जवानाला समरी पद्धतीने शिक्षा द्यायचा अधिकार मिळतो. सकाळी ऑर्डर्ली रूममध्ये मार्च-अप, आरोप वाचला, ऐकून घेतलं, शिक्षा झाली. सगळं अर्ध्या तासात. त्यात २८ दिवसांपर्यंत लष्करी कोठडीतली कैद, २८ दिवसांपर्यंत डिटेन्शन, २८ दिवसांपर्यंत लाईनबंदी, जादा गार्ड ड्युटी, सिव्हिअर रेप्रिमांड किंवा रेप्रिमांड, महिन्यात १४ दिवसांच्या पगारापर्यंत दंड अशा शिक्षा येतात.

आपल्याकडच्या लोकांच्या नोंदी कशाच्या असतात? सर्वात जास्त रजेच्या. यात्रा, लग्न, आईचं आजारपण, शेतीची वाटणी. पंधरा दिवसांची रजा घेऊन आलेला माणूस पंचवीस दिवस राहतो. हे कलम ३९ खाली येतं. त्यानंतर दारू (कलम ४८), हुकूम न मानणे (कलम ४१), आणि कुठल्याच खान्यात न बसणारं सगळं ज्यात घालतात ते कलम ६३, म्हणजे शिस्तीला बाधक वर्तन.

एक नोंद कुठे कुठे आडवी येते

बाहेरच्या माणसाला वाटतं, शिक्षा भोगली, संपलं. फौजेत तसं नसतं. बढतीच्या बोर्डासमोर कंडक्ट शीट जाते. ८, १६ आणि २४ वर्षांनी मिळणाऱ्या एमएसीपीच्या वेळीही शिस्तीचा भाग पाहिला जातो. निवृत्तीच्या वेळी डिस्चार्ज बुकात ‘कॅरेक्टर’ लिहितात. एक्झेम्प्लरी, व्हेरी गुड, गुड आणि त्याखाली आणखी पायऱ्या. बँकेचा सिक्युरिटी गार्ड असो, टोल नाका असो की डिफेन्स सिक्युरिटी कोअर असो, नोकरी देणारा आधी ते पान उघडतो. डीएससीत तर लाल नोंदींच्या संख्येवरच मर्यादा आहे. म्हणजे दोन की तीन, या एका आकड्यावर माणसाची पुढची नोकरी अडकते.

गैरहजेरीचा आणि कैदेचा काळ पेन्शनच्या सेवेतून वजा होतो, हेही लक्षात ठेवायला हवं. जवानाला सर्व्हिस पेन्शनसाठी १५ वर्षांची पात्र सेवा लागते. काठावर असलेल्याला वजा झालेले साठ दिवससुद्धा महागात पडतात.

सर्वात मोठा धोका मात्र चौथ्या नोंदीला असतो. चार लाल नोंदी झाल्या की युनिट आर्मी रूल १३ खाली ‘सेवेची गरज नाही’ म्हणून घरी पाठवायची कारवाई सुरू करू शकते. १२-१३ वर्षं झालेला जवान असा घरी आला तर पेन्शन नाही, कॅन्टीन कार्डाचा पत्ता नाही, आणि गावात लोक काय विचारतात ते सांगायला नको.

आता अग्निवीरांचाही विचार करावा लागेल. २०२२ पासून चार वर्षांची भरती आहे आणि त्यातले २५ टक्क्यांपर्यंतच पुढे कायम होतात. चार वर्षांत एक रजेची भानगड झाली तर ती पुसून काढायला पुढची वर्षंच नसतात. ज्यांची पोरं आत्ता सेंटरमध्ये आहेत त्यांनी हा मुद्दा पोरांच्या कानावर घालावा.

‘काढणे’ हा शब्दच चुकीचा आहे

मी बी.कॉम. झालेला माणूस. पत्रकारितेत यायच्या आधी काही वर्षं हिशेबाच्या वह्या लिहिल्या. खातेवहीत चुकीची नोंद झाली तर ती कुणी खोडत नाही, पान फाडत नाही. उलट नोंद टाकतात आणि शेजारी कारण लिहितात. लष्कराच्या रेकॉर्डचं बरंचसं तसंच आहे. ‘माझी एन्ट्री पुसून टाका’ असा अर्ज केला तर उत्तर ‘तरतूद नाही’ असंच येणार. मागायचं असतं ते शिक्षा रद्द करणं. शिक्षा रद्द झाली की तिचा पार्ट टू ऑर्डर निघतो, त्या आधारावर नोंद रद्द होते, आणि मग ती मोजणीत धरली जात नाही.

म्हणून अर्जात मागण्या तीन कराव्यात : अमुक तारखेची शिक्षा बेकायदा म्हणून रद्द करावी, तिची नोंद रद्द केल्याचा पार्ट टू ऑर्डर काढावा, आणि तिच्यामुळे झालेलं नुकसान (बढती, कॅरेक्टर, पेन्शन, जे असेल ते) भरून द्यावं. निवृत्त हेड क्लार्कांनी मला सांगितलं की लोक पहिली मागणी करतात आणि दुसरी विसरतात. वरून शिक्षा रद्द होते, युनिटला पत्र जातं, पण पार्ट टू निघत नाही आणि शीट रोल आहे तसाच राहतो. दहा वर्षांनी पुन्हा तीच कटकट.

नुसतं ‘त्यानंतर पंधरा वर्षं माझं वर्तन चांगलं आहे’ एवढ्यावर शिक्षा रद्द होत नाही. चांगलं वर्तन बढतीच्या बोर्डापुढे किंवा डिस्चार्जच्या नोटिशीला उत्तर देताना कामी येतं, तिथे ते जरूर मांडावं. पण मूळ शिक्षा हलवायची तर ती देतानाच काहीतरी चुकलं होतं हे दाखवावं लागतं.

काय चुकलेलं असू शकतं

इथे कायदा जवानाच्या बाजूने बोलतो, आणि बहुतेक जवानांना तो माहीतच नसतो.

कलम ८१ वाचा. नायक, हवालदार अशा एनसीओला कलम ८० खाली कैद, डिटेन्शन किंवा लाईनबंदी देता येत नाही. गुन्ह्याच्या वेळी तो एनसीओ असेल तरीही नाही. उलट बाजूने, एनसीओच्या खालच्या शिपायाला सिव्हिअर रेप्रिमांड किंवा रेप्रिमांड देता येत नाही. कैद, डिटेन्शन आणि लाईनबंदी एकत्र दिल्या तर सगळ्यांची बेरीज ४२ दिवसांच्या वर जाता कामा नये. हे तपासायला वकील लागत नाही. शिक्षेची तारीख, त्या तारखेची रँक आणि शिक्षेचा प्रकार एवढं समोर ठेवलं की पुरे.

आर्मी रूल २२ सांगतो की आरोप आरोपीच्या समोर ऐकला पाहिजे, त्याला साक्षीदारांना उलट प्रश्न विचारायची आणि स्वतःचे साक्षीदार आणायची पूर्ण मोकळीक पाहिजे. कागदावर हे सगळं झालेलंच दिसतं, हा भाग वेगळा. पण कधीकधी तारखाच घोटाळा उघड करतात. आरोपपत्राची तारीख शिक्षेनंतरची असते, किंवा ज्या दिवशी सुनावणी झाली म्हणतात त्या दिवशी माणूस मिलिटरी हॉस्पिटलमध्ये दाखल असतो.

रजेच्या प्रकरणात कलम ३९ मधले शब्द महत्त्वाचे आहेत. रजेपेक्षा जास्त राहणं हा गुन्हा ‘पुरेशा कारणाशिवाय’ असेल तरच होतो. म्हणजे हॉस्पिटलचे कागद, मृत्यूचा दाखला, पुरात रस्ता बंद असल्याची तहसीलदारांची चिठ्ठी ही नुसती सहानुभूतीची कागदपत्रं नाहीत, तो बचाव आहे. २०१९ च्या पुरात निपाणी-कोल्हापूर हायवे दिवसच्या दिवस बंद होता, ते आपल्याला आठवत असेल. तेव्हा सुट्टीवर असलेल्यांनी पोलीस ठाण्यातून किंवा तहसीलमधून लेखी घेतलं का? रजेवर आजारी पडलेल्याने जवळच्या मिलिटरी हॉस्पिटलला कळवावं, हा नियम प्रत्येक जवानाला शिकवलेला असतो. बेळगावात एम.एच. असूनही लोक खाजगी डॉक्टरचं सर्टिफिकेट घेऊन परत जातात आणि मग ते कुणी मानत नाही.

शेवटचा प्रकार सरळ कारकुनी चुकीचा. एकाच कंपनीत एकाच नावाचे तीन पाटील. आपल्याकडे हे होणारच! आर्मी नंबरातला एक आकडा इकडे-तिकडे झाला की एकाची शिक्षा दुसऱ्याच्या शीटवर. किंवा एकच शिक्षा दोनदा चढलेली. अशा बाबतीत भांडण नको, दुरुस्तीचा साधा अर्ज पुरतो.

आधी फाईल हातात घ्या

ऐकीव माहितीवर अर्ज करू नये. सेवेत असलेल्याने युनिटमध्ये कंडक्ट शीट बघायला मागावी. निवृत्ताने आपल्या रेकॉर्ड ऑफिसला लिहावं. मराठा लाईट इन्फंट्रीवाल्यांचं रेकॉर्ड ऑफिस इथेच बेळगावात आहे, ही आपली सोय. इंजिनिअर्स, आर्टिलरी, सिग्नल्सवाल्यांचं दुसरीकडे. अर्जात आर्मी नंबर, रँक, नाव, भरतीची आणि डिस्चार्जची तारीख, पीपीओ नंबर टाकून शीट रोलची व सर्व शिक्षांच्या नोंदींची प्रत मागायची.

नाही दिली तर माहिती अधिकार. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस, नाही आलं किंवा अर्धवट आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. आपलीच माहिती मागत असल्याने ‘खाजगी माहिती’ हे कारण पुढे करता येत नाही. आपल्या भागातले लोक आणखी एक चूक करतात. ते सगळं एकाच अर्जात विचारतात आणि ‘माझ्यावर अन्याय का झाला’ असा प्रश्न घालतात. माहिती अधिकारात कागद मागायचा, कारण नाही.

आणि उशीर करू नका. पेन्शन न मिळालेल्या सैनिकाची कागदपत्रं २५ वर्षांनी नष्ट करायची तरतूद लष्कराच्या रेग्युलेशन्समध्ये आहे. लाँग रोल तेवढा राहतो. ट्रिब्युनलच्या कित्येक निकालांत ‘कागदपत्रं मुदतीनंतर नष्ट केली’ हे एकच वाक्य माणसाची केस संपवतं. विचित्र आहे खरं. कालांतराने डाग जात नाही, तो खोटा ठरवायचा पुरावा तेवढा जातो. १९९८ ला घरी पाठवलेल्याचे कागद २०२३ नंतर शोधायला गेलं तर हाती काय लागणार?

अर्ज कुणाकडे, किती दिवसांत

सेवेत असलेल्या जवानाला आर्मी ॲक्टच्या कलम २६ ने तक्रारीचा हक्क दिला आहे. तक्रार आधी आपल्या वरच्याकडे, मग सीओकडे, आणि तक्रार सीओच्याच विरुद्ध असेल तर त्यांच्या वरच्या अधिकाऱ्याकडे. अधिकाऱ्यांसाठी हेच कलम २७ आहे. शिक्षा समरी कोर्ट मार्शलने झाली असेल तर तिची कागदपत्रं कलम १६२ प्रमाणे वरच्या कमांडरकडे जातातच. तो गुणदोषांवर ती रद्द करू शकतो किंवा कमी करू शकतो, पण निव्वळ तांत्रिक कारणावर नाही. कोर्ट मार्शलविरुद्ध कलम १६४ खाली अर्ज करता येतो. कलम १६५ ने केंद्र सरकार किंवा लष्करप्रमुख बेकायदा वा अन्याय्य कोर्ट मार्शल रद्द करू शकतात. कलम १७९ माफीचं आहे, पण माफीने शिक्षा सुटते, चूक झाली होती असं ठरत नाही. दोन्हींत फरक आहे.

निवृत्ताने रेकॉर्ड ऑफिसकडे सविस्तर निवेदन द्यावं. स्पीड पोस्टाने पाठवून पोचपावती जपून ठेवावी. ही पावती पुढे लागते, कारण ट्रिब्युनलमध्ये पहिला प्रश्न असतो : खालचे मार्ग वापरले का?

आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल २००९ पासून सुरू झालं, कायदा २००७ चा. कलम २१ प्रमाणे आधी खात्याकडे दाद मागावी लागते. तिथे सहा महिने उत्तर आलं नाही तर मार्ग मोकळा होतो. अंतिम उत्तर आलं असेल तर कलम २२ प्रमाणे त्यापासून सहा महिन्यांत अर्ज करायचा. उशीर झाला तर कारण देऊन माफ करून घेता येतो, पण वीस वर्षांच्या उशिराला ‘मला माहीत नव्हतं’ हे कारण सहसा चालत नाही.

इथे एक गाठ आहे ती वकिलाशी बोलून घ्या. ट्रिब्युनलच्या कायद्यात समरी शिक्षेपैकी बडतर्फीची शिक्षा स्पष्ट नावानिशी येते. समरी कोर्ट मार्शलपैकी फक्त बडतर्फी किंवा तीन महिन्यांहून जास्त कैद असलेली प्रकरणं घेता येतात. म्हणजे निव्वळ सात दिवसांच्या शिक्षेविरुद्ध थेट गेलं की अधिकारक्षेत्राचा वाद सुरू होतो. म्हणून जाणते वकील मागणी परिणामाशी जोडतात. ‘या बेकायदा नोंदीमुळे बढती नाकारली’ किंवा ‘डिस्चार्ज केलं’, असं. बढती, पेन्शन, सेवासमाप्ती हे विषय ट्रिब्युनलच्या कक्षेत नक्की येतात.

निपाणीचा कोचीला, कागलचा मुंबईला

आता आपली नेहमीची सीमाभागाची गोष्ट. निवृत्त सैनिकाला तो राहतो त्या भागाच्या खंडपीठात अर्ज करता येतो. कर्नाटक ट्रिब्युनलच्या कोची खंडपीठाखाली येतं, महाराष्ट्र आणि गोवा मुंबईखाली. त्यामुळे एकाच बटालियनमध्ये, एकाच बंकरमध्ये राहिलेले दोघे निवृत्त झाले की निपाणीच्या माणसाची केस कोचीची आणि शेजारच्या कागलच्या माणसाची मुंबईची. कोचीचं फिरतं खंडपीठ बेंगळूरला बसतं तेव्हा थोडी सोय होते, इतकंच. सेवेत असलेल्याला मात्र जिथे पोस्टिंग आहे किंवा जिथे प्रकरण घडलं तिथलं खंडपीठ निवडता येतं. सेवेत असतानाच दाद मागण्याचा हाही एक फायदा.

हायकोर्टाचंही तसंच. आपल्याला धारवाड खंडपीठ, तर कोल्हापूरकरांना १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातच सर्किट बेंच. ट्रिब्युनलच्या निकालाविरुद्ध हायकोर्टात रिट चालतं की नाही हा वाद बरीच वर्षं होता. सुप्रीम कोर्टाने मार्च २०२३ मध्ये परशोतम दास प्रकरणात हायकोर्टाचा तो अधिकार आहे असं सांगितलं. गरीब माणसाला दिल्ली गाठण्यापेक्षा हे बरं झालं.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाकडे जावं. राष्ट्रीय कायदा सेवा प्राधिकरणाने २६ जुलै २०२५ ला सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांसाठी ‘वीर परिवार सहायता योजना’ सुरू केली आहे. सैनिक बोर्डांमध्ये मदत केंद्रं उघडायची असा तिचा बेत आहे. आपल्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन विचारा. अर्ज कन्नडमध्ये जमत नसेल तर इंग्रजीत द्या, लष्कराचा सगळा पत्रव्यवहार तसाही इंग्रजीत किंवा हिंदीत असतो.

चार लाल नोंदी म्हणजे आपोआप घरी नव्हे

हा भाग कापून ठेवावा असा आहे. १६ ऑक्टोबर २०१५ ला सुप्रीम कोर्टाने वीरेंद्र कुमार दुबे विरुद्ध लष्करप्रमुख या प्रकरणात निकाल दिला. प्रश्न असा होता की चार लाल नोंदी आहेत एवढ्यावरून जवानाला काढता येतं का? लष्कर मुख्यालयाचंच २८ डिसेंबर १९८८ चं पत्र होतं, त्यात प्राथमिक चौकशी करावी, सगळ्या बाजू पाहाव्यात असं म्हटलं होतं. कोर्टाने तेच उचललं. चार नोंदी हा काही जादूचा आकडा नाही, चौकशी झाली पाहिजे, गुन्हे कसल्या प्रकारचे होते, सेवा किती झाली, कठीण ठिकाणी किती काम केलं, पेन्शनला किती काळ उरला हे बघितलं पाहिजे, असा त्याचा सारांश. त्या जवानाला पेन्शनपुरती सेवा पूर्ण झाली असं धरून पेन्शन मिळाली, मागचा पगार मात्र नाही. डिसेंबर २०१६ मध्ये विजय शंकर मिश्रा प्रकरणात हेच तत्त्व पुन्हा लावलं गेलं.

बारकाईने पाहा. या निकालात लाल नोंदी पुसल्या गेल्या नाहीत. त्या जिथल्या तिथे राहिल्या, पण त्यांच्यावर उभी केलेली कारवाई पडली. माझ्या मते बहुतेकांनी लढायची जागा हीच आहे. १९९९ सालच्या सात दिवसांच्या शिक्षेचा कीस पाडण्यापेक्षा तिच्या नावावर आज काय हिरावलं जातंय त्याविरुद्ध जावं.

पण कुणी फार हवेत जाऊ नये. २०१९ मध्ये सतगुर सिंग प्रकरणात त्याच सुप्रीम कोर्टाने वारंवार रजेपेक्षा जास्त राहिलेल्या जवानाचा डिस्चार्ज कायम ठेवला. नोटीस मिळाली होती, उत्तरात सांगण्यासारखं काही नव्हतं, मग आणखी चौकशी कशाची, असा सूर. म्हणजे कारणे दाखवा नोटीस आली की तिचं उत्तर हीच खरी लढाई. ‘चूक झाली, माफ करा’ एवढं एका ओळीत लिहून देणारे आपल्याकडे पुष्कळ. कुणीतरी वरिष्ठ ‘लिहून दे, मिटवून टाकू’ म्हणतो आणि पोरगं लिहून देतं. तो कागद पुढे पंचवीस वर्षं फाईलमध्ये राहतो.

पेन्शनच्या उशिराबाबत एक दिलासा आहे. तरसेम सिंग प्रकरणात २००८ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की पेन्शनसारखं नुकसान दर महिन्याला होत राहतं, त्यामुळे उशिरा आलेल्यालाही दाद मिळू शकते, मात्र थकबाकी सहसा अर्जाच्या आधीच्या तीन वर्षांपुरतीच. तो जवान १९८३ ला घरी आला होता आणि कोर्टात १९९९ ला गेला होता.

दुसरीकडे काय चालतं

अमेरिकेत यासाठी कायमची मंडळंच आहेत. डिस्चार्जचा शेरा बदलून घ्यायला १५ वर्षांपर्यंत अर्ज करता येतो. रेकॉर्ड दुरुस्तीच्या मंडळाकडे चूक कळल्यापासून तीन वर्षांत, आणि न्यायासाठी गरज वाटली तर त्यानंतरही. तिथे ठपक्याचं जुनं पत्र फाईलच्या बंद भागात हलवायचीही सोय आहे. कागद राहतो पण बढतीच्या बोर्डाला सहसा दिसत नाही. आपल्याकडे अशी मधली वाट असती तर रजेच्या एन्ट्रीवाल्या निम्म्या लोकांचं काम झालं असतं, असं मला वाटतं.

ब्रिटनने २००६ च्या कायद्याने पहिल्या महायुद्धात पळपुटेपणासारख्या आरोपांवरून गोळ्या घातलेल्या ३०६ सैनिकांना माफी दिली. ती देताना कायद्यातच लिहून ठेवलं की यामुळे मूळ दोषसिद्धी वा शिक्षेवर परिणाम होत नाही. नव्वद वर्षांनीसुद्धा त्यांनी पान फाडलं नाही, शेजारी दुसरी नोंद केली. हिशेबनिसाला हे पटतं. त्या सैनिकांच्या नातवंडांना किती पटलं असेल ते ठाऊक नाही.

आणि ते अनगोळचे नायक?

त्यांनी शीट रोलची प्रत मागवली. पहिल्यांदा नुसतं ‘अर्ज मिळाला’ एवढंच आलं, मग माहिती अधिकारात प्रत आली. ती घेऊन ते माझ्याकडे आले आणि आम्ही दोघे चष्मे लावून बसलो. दोन नोंदी त्यांना माहीत होत्या, रजेच्या. तिसरी सिव्हिअर रेप्रिमांडची, सेवेच्या चौथ्या वर्षातली. त्यांना ती आठवेना. मी विचारलं, ‘‘या तारखेला तुमची रँक काय होती?’’ ते म्हणाले, ‘‘शिपाईच की ओ. फीत लागायला अजून दोन वर्षं होती.’’

कलम ८१ वरचा परिच्छेद वाचलेल्यांच्या लक्षात आलं असेल. शिपायाला ती शिक्षा देताच येत नव्हती. दुसऱ्या कुणाची नोंद त्यांच्या शीटवर आली की खरंच बेकायदा शिक्षा दिली, ते युनिटचा त्या वर्षीचा पार्ट टू ऑर्डर निघाल्यावर कळेल. रेकॉर्ड ऑफिसला निवेदन गेलं आहे. त्यात शिक्षा रद्द करणे, पार्ट टू ऑर्डर काढणे आणि डीएससीच्या अर्जाचा फेरविचार अशा तीन मागण्या आहेत. सोबत रँक मिळाल्याच्या तारखेचा कागद जोडला आहे. पोचपावती त्यांनी लॅमिनेट करून घेतली. लॅमिनेट करू नका म्हटलं होतं मी, पोस्टाचा शिक्का त्यात पुसट होतो. झेरॉक्स काढून मूळ पावती तशीच ठेवावी.

सहा महिने पौष महिन्यात भरतात. तोपर्यंत उत्तर आलं नाही तर बेंगळूरच्या फिरत्या खंडपीठाची तारीख बघायची, असं ठरलं आहे.